पेशींचा गोळा आणि विषाणुवाहक

सदोष जनुकामुळे जो रोग उद्भवतो त्यावर त्या जनुकाची निर्दोष प्रत पेशीत पोचविणे, हा जनुकोपचाराचा गाभा होय. पोचविण्याचे काम विषाणूवर सोपवितात. रोग उत्पन्न करणारी त्याची स्वतःची जनुके आधीच काढून टाकलेली असतात. असा वाहक कोणत्या पेशीत शिरेल, हे माणसाला टोचण्यापूर्वी कसे ओळखावे?

बशीच्या तळाशी एका थरात वाढविलेल्या पेशींवर ही परीक्षा घेणे सोपे. पण तिच्यावर विसंबता येत नाही. ॲडिनो-सहचर विषाणूचा आठवा प्रकार उंदराच्या यकृतात सहज शिरतो, बशीतील पेशींत मात्र जेमतेम. उलटपक्षी, सपाट थरात प्रत्येक पेशी उघडी असते. शरीरात ती इतर थरांच्या आड दडलेली असते. २०११ साली जपानमध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने उंदराच्या मूलपेशींचा गोळा पोषक द्रवात वाढविला, तेव्हा त्यातून नेत्रचषकासारखी रचना आपोआप घडली. पुढल्या वर्षी मानवी पेशींपासूनही ती साधली. असे त्रिमितीय दृष्टिपटल परिपक्व होण्यास कित्येक महिने लागतात. वाहकाबरोबर चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक पाठविले, की तो कोणत्या थरापर्यंत पोचला ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. शिवाय रुग्णाच्याच त्वचेच्या वा रक्ताच्या पेशींपासून हे ऊतक घडविता येते. उंदराकडून हा लाभ मिळत नाही.

एवढी खबरदारी अशासाठी, की हा विषाणू एकदा रक्तात टोचला म्हणजे त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व दुसरी मात्रा बहुधा निष्फळ ठरते. रुग्णाला संधी एकच.

रक्तपेशींची गोष्ट निराळी. बंगळुरूच्या शिवाजीनगरातून बल्लारी रस्त्याने उत्तरेस गेल्यास कृषी विद्यापीठाच्या आवारात मूलपेशी संशोधनाची इनस्टेम ही संस्था लागते. तिच्या वेल्लोर येथील केंद्रात हिमोफिलियाच्या ५ रुग्णांच्या मूलपेशी बाहेर काढून, लेंटिविषाणूकरवी त्यांत जनुक घालून त्या परत देण्यात आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात पाचांपैकी कोणालाही रक्तस्राव झाला नाही. दृष्टिपटल असे बाहेर काढून तपासता येत नाही. म्हणून तेथे गोळ्याची गरज.

तथापि या गोळ्याला रक्तवाहिन्या नाहीत, प्रतिकारसंस्था नाही. १९९९ साली अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण ॲडिनोविषाणूची मात्रा दिल्यावर चार दिवसांत दगावला, तो प्रतिकारसंस्थेच्या उद्रेकाने. यकृतपेशींच्या गोळ्याने त्याची पूर्वसूचना दिली नसती. गोळा वाढला की आतील पेशी प्राणवायूवाचून मरतात, आणि मृत गाभ्यात जनुकाचे कार्य दिसले नाही तर तो वाहकाचा दोष नव्हे. यास्तव गोळ्याचा छेद घेऊन जिवंत पेशी किती, हे प्रथम पाहावे लागते.