स्पीकरची पेटी

लग्न असो की गणपती, स्पीकर हवाच. खोल, घुमणाऱ्या आवाजाच्या स्पीकरला सबवूफर म्हणतात. तो लाकडी पेटीत बसवतात. ही पेटी नुसती शोभेची नाही. ती का लागते, ते आपण पाहू.

स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. तो पुढे आला, की पुढची हवा दाबली जाते. मागची विरळ होते. स्पीकर उघडा असेल, तर दाबलेली हवा कडेने मागे पळते. खोल आवाज तिथेच मरतो. पेटी पुढची हवा आणि मागची हवा वेगळी ठेवते.

पेट्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. पहिली बंद पेटी. तिच्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी फार लहान केली, तर ही स्प्रिंग ताठ होते. मग अगदी खोल आवाज कमी पडतो.

दुसरी भोकाची पेटी. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घाला. ती घुमते. दर घागरीचा सूर ठरलेला. तसाच या पेटीचाही. त्या सुराला पडदा थोडाच हलतो, भोकातली हवाच मोठ्याने बोलते. पण त्या सुराच्या फार खाली गेलो, तर पडद्याला हवेचा आधार राहत नाही. तो मोकाट हलतो आणि बिघडतो. म्हणून भोक अंदाजाने पाडू नये. त्याचे गणित आहे. ऑस्ट्रेलियाचे इंजिनियर नेव्हिल थील यांनी ते १९६१ साली नीट मांडले.

आता ओहमचे पाहू. स्पीकरवर ४ किंवा ८ ओहम लिहिलेले असते. विजेला होणाऱ्या अडथळ्याचे ते माप. पण हा अडथळा सगळ्या सुरांना सारखा नसतो. पडद्याबरोबर तारेची कॉईल चुंबकात हलते. ती जोरात हलली, की उलटी वीज उठते आणि अडथळा वाढतो. बंद पेटीत असा चढ एक. भोकाच्या पेटीत चढ दोन आणि मध्ये उतार. तो उतार म्हणजेच पेटीचा सूर.

काहीजण म्हणतात, "पेटीत ओहम वाढतात, मग कितीही स्पीकर जोडा!" हे खरे नव्हे. ओहम वाढतात ते थोड्याच सुरांना. बाकी सुरांना अडथळा कमीच असतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर ४ ओहम होतात. चार जोडले, तर २. ॲम्प्लिफायरवर "कमीत कमी ४ ओहम" लिहिले असेल, तर चार स्पीकरांनी तो तापेल, जळेलही. भाड्याच्या सामानाची भरपाई मग आपल्याच खिशातून!

म्हणून जोडण्याआधी आकडा वाचा. आता आपल्याला वाचता येते ना?

सांगा पाहू :
१. उघड्या स्पीकरचा खोल आवाज का मरतो?
२. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले, तर किती ओहम होतात?