मोकळी संहिता, राखीव नाव
डोंबिवली-कल्याणच्या संगणक-वर्गांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत 'मुक्त प्रणाली' म्हणजे फुकट प्रणाली असा समज पक्का असला, तरी परवान्याच्या भाषेत 'मुक्त' याचा अर्थ वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक असा आहे. आणि तिच्या अटींचा खरा भार पडतो तो प्रत दुसऱ्याच्या हाती जाताना.

प्रस्तुत लेखकाची चूक नेमकी तेव्हाची. डोंबिवलीतील एका वर्गासाठी उबुंटू या मुक्त प्रणालीमध्ये मराठी कळफलक, फाँट आणि दुरुस्त केलेले काही प्रोग्राम घालून डीव्हीडी अल्प किमतीत विकली गेली, वेष्टनावर मूळ नाव आणि बोधचिन्ह तसेच राहिले, आणि कल्याणच्या एका ग्राहकाने बदललेल्या प्रोग्रामची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल असा त्याचा मजकूर, मागितली तेव्हा ती असलेली हार्ड डिस्क केव्हाच फॉरमॅट झाली होती. पैसे घेणे हा दोष नव्हे. त्या प्रोग्रामना लागू असलेला जीपीएल हा मुक्त परवाना विक्रीला आडकाठी करत नाही. मात्र १९९१च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार प्रतीबरोबर संहिता द्यावी लागते किंवा किमान ३ वर्षे मागणी पुरवण्याची लेखी हमी तरी, आणि अट मोडताच परवाना आपोआप संपतो.

नावाचा कायदाच निराळा. संहितेला कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू, तर नाव-चिन्हांना व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९. एकाखालची परवानगी दुसऱ्याखाली चालत नाही. उबुंटू या नावाची मालक कॅननिकल कंपनी बदललेली आवृत्ती त्या नावाने वाटायची तर आपली मान्यता मागते, अन्यथा चिन्हे काढावी लागतात. हे दुटप्पी वाटते खरे, पण आत काय मिसळले आहे हे न कळणाऱ्या ग्राहकाला नावाखेरीज दुसरा आधार नसतो. डेबियनसारख्या मातब्बर मुक्त प्रणाली-प्रकल्पालाही २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाशी नाव-चिन्हांवरून वाद झाल्यावर आपल्या प्रतीत फायरफॉक्सचे 'आइसवीझल' करावे लागले. मूळ नाव परतले ते २०१६ मध्ये.

ठाण्यातील डीटीपी व्यावसायिकांना हा प्रश्न फाँटमध्ये भेटतो. ओपन फाँट लायसन्सखालील फाँट सुटा विकता येत नाही, आणि 'ल' व 'श' यांना मराठी वळण देऊन तो पुढे पाठवायचा झाल्यास, मूळकर्त्याने नाव राखीव ठेवले असेल तर नवे नाव द्यावे लागते.

म्हणून ज्या डीव्हीडीवर किंवा पेनड्राइव्हवर प्रत द्यायची, त्यावरच बदललेल्या प्रत्येक प्रोग्रामची संहिता ठेवावी, परवान्याचा मजकूर काढू नये, वेष्टनावर आपले नाव घालावे आणि मूळ प्रणालीचा उल्लेख वस्तुस्थिती सांगण्यापुरताच ठेवावा. डोंबिवलीच्या त्या डीव्हीडी अखेर परत घेतल्या गेल्या. संहिता पुन्हा जुळवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा मूळ दुरुस्त्यांनाही लागला नव्हता.