सोरायसिस असेल, तर कंबरही मोजा



सोरायसिसचा रुग्ण डॉक्टरांसमोर बाही वर करून कोपर दाखवतो, डोक्यातली खपली दाखवतो आणि विचारतो, "हे जाईल ना?" त्याची ही काळजी अगदी रास्त आहे. पण त्याच भेटीत त्याच्या कमरेला टेप लागायला हवी, रक्तदाब मोजला जायला हवा आणि "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?" हेही विचारलं जायला हवं. मलमाची चिठ्ठी घेऊन रुग्ण परत जातो आणि या गोष्टी राहून जातात. म्हणून आज त्याबद्दल सविस्तर.

आत काय घडतं?

त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे सारं चार-पाच दिवसांत उरकतं. कच्च्या पेशींचे थर साचतात आणि लालसर चट्ट्यांवर चंदेरी खवले धरतात. या घाईमागे प्रतिकारशक्तीतला बिघाड असतो. टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ अशी दाह वाढवणारी रसायनं शरीर गरजेपेक्षा जास्त बनवतं. ती रक्तातून सर्वत्र फिरतात. सांध्यात आणि स्नायूंच्या कंडरा हाडाला चिकटतात त्या जागी ती सूज आणतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात.

पोटातल्या चरबीचाही यात हात असतो. ही चरबी स्वतः टीएनएफ आणि आयएल-६ ही दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. म्हणजे आजार चयापचय बिघडवतो आणि बिघडलेलं चयापचय आजाराला खतपाणी घालतं. अमेरिकेतल्या परिचारिकांवर १४ वर्षं चाललेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या स्त्रियांना पुढे सोरायसिस होण्याचा धोका अधिक आढळला. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हृदयाशी संबंध

त्याच्या एक वर्ष आधी, २००६ मध्ये, ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास आला होता. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या रुग्णाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा सुमारे ३ पट दिसला. तिशीत हा धोका मुळातच कमी असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण दुर्लक्षही करू नका. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये सोरायसिसची गणना धोका वाढवणाऱ्या आजारांत केली आहे.

वजन उतरल्यावर काय होतं?

इटलीत जास्त वजनाच्या किंवा स्थूल अशा ३०३ रुग्णांवर २० आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांना आहार आणि व्यायामाचा आखीव कार्यक्रम दिला, त्यांची सोरायसिसची तीव्रता ४८ टक्क्यांनी उतरली. ज्यांना फक्त वजन कमी करण्याचा सल्ला दिला, त्यांची २५.५ टक्क्यांनी. डेन्मार्कमधल्या ६० रुग्णांच्या प्रयोगात त्वचेतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरता उतरला नाही, पण रुग्णांचं रोजचं जगणं स्पष्टपणे सुसह्य झालं. स्वीडनमध्ये सोरायटिक संधिवात, म्हणजे सोरायसिससोबत येणारा संधिवात, असलेल्या स्थूल रुग्णांना काही आठवडे वैद्यकीय देखरेखीखाली दिवसाला अवघ्या ६४० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा दुखरे आणि सुजलेले सांधे कमी झाले. असा कडक आहार घरी स्वतःच्या मनाने कधीही करू नये.

यातून मला एकच सांगायचं आहे. स्थूल रुग्णासाठी वजन उतरवणं हा उपचाराचाच भाग आहे. त्याने औषध सुटेलच असं नाही, पण औषधाला बळ मिळतं.

सांध्यांच्या खुणा ओळखा

सोरायसिसच्या दर १०० रुग्णांपैकी ३० पर्यंत रुग्णांना पुढे संधिवात होऊ शकतो, बहुधा त्वचेच्या आजारानंतर काही वर्षांनी. या खुणा लक्षात ठेवा:

• सकाळी अर्धा तास किंवा जास्त वेळ सांधे आखडणं
• हाताचं किंवा पायाचं अख्खं बोट सुजणं
• टाचेत मागे किंवा तळाशी दुखणं
• विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी
• नखांवर बारीक खड्डे पडणं किंवा नख उचललं जाणं

"संधिवातासाठी केलेली रक्ताची आरए फॅक्टर तपासणी निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही," असं समजू नका. या प्रकारात ती तपासणी बहुधा निगेटिव्हच येते. युरिक ॲसिडही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे हे दुखणं गाऊट समजलं जातं. आयर्लंडमधल्या एका अभ्यासात संधिवाततज्ज्ञांकडे जायला सहा महिने उशीर झालेल्यांच्याही सांध्यांची झीज अधिक दिसली. झिजलेलं हाड भरून येत नाही.

तुम्ही काय करायचं?

मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. वर्षातून एकदा तरी रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि यकृताची तपासणी करून घ्या.

जेवण सुधारा. दही-मासे किंवा आंबट बंद केल्याने सोरायसिस जातो, याला आधार नाही. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार सिद्ध झालेला नसेल, तर चपाती सोडण्याचीही गरज नाही. साखर, फरसाण, वडे-भजी आणि बेकरीचे पदार्थ कमी करा. ताटात उसळ, भाजी, कोशिंबीर वाढवा आणि भात आवरा. तंबाखू आणि दारू दोन्ही सोडा.

चाला. सांधे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारून पोहणं, सायकल किंवा हलके व्यायाम निवडा.

औषध जपून घ्या. मेथोट्रेक्सेट ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि तो पाकिटावर लिहून ठेवा. यकृतावर चरबी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. त्याने साखर वाढते आणि ते थांबवल्यावर आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. जडीबुटीच्या नावाने येणाऱ्या बिननावाच्या पुड्याही टाळा, त्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

घरच्यांनाही एक सांगतो. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचं ताट, टॉवेल वेगळं काढू नका. त्याच्यासोबत चालायला निघा आणि त्याच्यासारखंच जेवा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा चट्टे दाखवाच. सोबत कमरेचं माप, रक्तदाबाची नोंद आणि सांध्यांची तक्रार एका कागदावर लिहून न्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.