रस्ता, नाका आणि कायदा
(नागरिकशास्त्र : पूरक पाठ)



मागच्या पालकसभेत टेम्पो चालवणाऱ्या एका पालकांनी प्रश्न विचारला. "एकाच सकाळी दोन ठिकाणी गाडी थांबवली. कागद सगळे बरोबर होते, पण मंडीतल्या लिलावाची वेळ गेली आणि भाजी पडत्या भावात विकावी लागली. किती वेळा थांबवायचे, हे कोणी ठरवायचे?" प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर आपल्या पुस्तकात एका जागी मिळत नाही, म्हणून हा पाठ.

नाके आपल्या भागाला नवे नाहीत. एकाच देवास गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती. धारचे पवार वेगळे, इंदूरचे होळकर वेगळे. थोड्याथोड्या अंतरावर राज्य बदलायचे. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. त्यातील अनुच्छेद १९(१)(घ) प्रत्येक नागरिकाला देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३०१ व्यापार आणि ये-जा मोकळी ठेवण्यास सांगतो.

हा हक्क अमर्याद नाही. अनुच्छेद १९(५) प्रमाणे सर्वसामान्य जनतेच्या किंवा अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, मात्र ते कायद्याने घालावे लागतात. 'कायद्याने' हा शब्द महत्त्वाचा आहे. १९६२ मध्ये खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पोलीस खात्याच्या नुसत्या अंतर्गत सूचना म्हणजे कायदा नव्हे आणि त्यांच्या आधारे मूलभूत हक्कावर गदा आणता येत नाही.

आजचा कायदा काय सांगतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने लायसन्स दाखवलेच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत चांगली सुधारणा झाली. कागदांची खात्री संगणकावर झाली, तर प्रत्यक्ष कागद मागायचे नाहीत. तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. एकाच गाडीची पुन्हापुन्हा तपासणी टळावी, हा त्यामागचा हेतू आहे.

तरीही नाकाबंदी कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हुकमाने लागेल, किती तास राहील आणि तिचे कारण कुठे लिहिले जाईल, हे या नियमांत नाही. 'पोलीस' हा विषय राज्य सूचीत आहे. म्हणून हे काम आपल्या विधानसभेने करावे, असे मला वाटते. कायद्यात चार गोष्टी असाव्यात : वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी हुकूम, ठरलेली वेळ, जागेवर कारणाचा फलक आणि प्रत्येक तपासणीची नोंद.

"आदेश काढला की भागते, कायदा कशाला?" असे कोणी म्हणेल. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधव्यावरून महाराष्ट्रात जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना तिथला नाका चांगला माहीत आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेश शासनाने परिवहन खात्याच्या तपासणी चौक्या बंद करण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह होता. पण आदेशाने बंद झालेली गोष्ट दुसऱ्या आदेशाने सुरूही होऊ शकते. कायदा बदलायचा तर विधानसभेत चर्चा करावी लागते.

बाहेरचे एक उदाहरण पाहा. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीची नाकाबंदी वैध ठरवली. तो खटला मिशिगन राज्यातला होता. १९९३ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आमच्या राज्याच्या घटनेत हे बसत नाही. देशाने दिलेल्या संरक्षणापेक्षा अधिक संरक्षण राज्य आपल्या नागरिकांना देऊ शकते, हा यातला धडा.

आता एक गोष्ट विसरू नका. नाकाबंदी नकोच, असे मी म्हणत नाही. पळालेला गुन्हेगार, निवडणूक, रात्रीचे अपघात अशा वेळी ती लागतेच, आणि थंडी-पावसात तिथे उभा राहणारा शिपाईही कोणाचा तरी बाप असतो. मर्यादा लिहिलेली असली, तर त्याच्यावरही संशय घेतला जाणार नाही. थांबवले तर थांबा, नम्रतेने बोला, कागद दाखवा. आणि पालकांनो, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हक्क मागणाऱ्याने आधी नियम पाळलेला असावा. मग त्याच्या मागणीला वजन येते.

स्वाध्याय
१. अनुच्छेद १९(१)(घ) आणि १९(५) यांतील संबंध पाच ओळींत लिहा.
२. आदेश आणि कायदा यांतील फरक उदाहरणासह सांगा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या नाक्यांच्या आठवणी विचारा आणि त्या वहीत उतरवा.
४. आपल्या आमदारांना या विषयावर एक नम्र पत्र लिहा. उत्तम पत्र वर्गात वाचले जाईल.