मोबाईल अभ्यासाला द्या, पण डोळे सांभाळा

काष्टीच्या वस्तीत फिरताना तापखोकल्याइतकाच विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘ताई, पोरांच्या हातात मोबाईल द्यावा का?’ माझे उत्तर असे की अभ्यासाला जरूर द्यावा. ज्या घराला शिकवणीची फी परवडत नाही, त्या घराने तर द्यावाच.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडी (ता. माढा) आठवा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. चौकटीतल्या त्या ठिपक्यांवर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धड्याचे चित्र हलू लागते. 2020 साली त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आहेत. मोबाईलवर ‘दीक्षा’ अॅप घ्या, ते फुकट आहे. धडा एकदा उतरवून घेतला की पुन्हा पाहायला नेट लागत नाही. हृदयाचे कप्पे फळ्यावर काढून जे समजत नाही, ते हलत्या चित्रात पोरांना पटकन कळते. वर्गात बाईंचा एक मोबाईल आणि भोवती पाच-सहा मुले, एवढ्यावरही भागते. प्रत्येकाला वेगळा हवाच, हे दुकानदाराचे म्हणणे.

अडचण निराळीच आहे. घरात मोबाईल एक, तो वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हातात. मुलीची पाळी भांडी घासून झाल्यावर, रात्री दहाला, दिवा मालवलेल्या खोलीत, अंथरुणात पडून. ती बिचारी डोळे चोळत धडा पाहते आणि सकाळी डोके धरून बसते. म्हणून वेळ वाटून द्या, आणि मुलीला उजेडातली वेळ द्या. चार घरांनी मिळून विहारात संध्याकाळी तासभर मुले बसवली तर फारच बरे. तिथे उजेड असतो आणि मोठ्यांची नजरही राहते.

आता डोळ्यांचे. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मोबाईल हातभर लांब, टेकून ठेवलेला असावा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचे झाड किंवा खांब वीस सेकंद बघायला सांगा. झोपेच्या तासभर आधी मोबाईल बंद. चार्जिंगला लावलेला मोबाईल मुलांच्या हातात नको. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे धूसर दिसण्याचा धोका कमी राहतो, म्हणून खेळाची वेळ अभ्यासाच्या नावाने कापू नका. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मोबाईल अजिबात नको. घास भरवताना तर नकोच, मग ते कितीही रडो.

मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवत असेल, डोळे बारीक करून बघत असेल, तर त्याला ‘ढ’ म्हणू नका. आधी नजर तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. दोष निघाला तर शाळकरी मुलांना सरकारी योजनेतून चष्मा मोफत मिळतो. पथक येऊन गेले असेल तर आशाताईंना विचारा, नाहीतर मुलाला घेऊन थेट ग्रामीण रुग्णालयात जा. मुलीला चष्मा लागला तर लग्नाची काळजी करत तो पेटीत ठेवू नका, रोज घालू द्या.