वापरणाऱ्यासाठी रचना : हातपंपाचा धडा

एखादी वस्तू सुबक व भक्कम दिसली की तिची रचना उत्तम, असे आपण सहज म्हणतो. परंतु तिची खरी परीक्षा वापरणाऱ्याच्या हातात होते. गावोगावच्या विंधण विहिरींवरील हातपंपाचा इतिहास हेच शिकवतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळी भागांत कठीण खडकात विंधण विहिरी घेतल्या गेल्या. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात पाश्चात्त्य देशांतील एकेका कुटुंबाच्या गरजेपुरते योजलेले होते. येथे मात्र एकाच पंपावर अख्खे गाव दिवसभर पाणी भरू लागले. पंप लवकरच मोडू लागले. दोष पाणी भरणाऱ्या स्त्रियांचा नव्हता. त्यांचा दिवस रचनाकाराने पाहिलाच नव्हता.

जालना व सोलापूर येथे हा वापर ध्यानात घेऊन पोलादी, दणकट पंप घडविले गेले. सोलापूरच्या पंपाच्या आधारे १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ सिद्ध झाला. पुढे ‘मार्क ३’ मध्ये विहिरीतील पाइप न काढता दट्ट्या वर घेण्याची सोय झाली. कारण दुरुस्तीही गावालाच जमली पाहिजे.

वापर पाहणे, नमुना घडविणे, तो वापरून घेणे आणि चूक मान्य करून सुधारणे, ही या पद्धतीची चार पावले होत. घर, शाळा वा योजना, काहीही उभारताना आपण प्रथम स्वतःस विचारावे : ज्याच्यासाठी हे करतो, त्याला आपण विचारले आहे काय?