येऊरचा डोंगर आणि हेलियमची पिवळी रेषा

फर्स्ट इयरच्या फिजिक्स व्हायवाला सरांनी विचारलं, "सोडियमची पिवळी रेषा 589 नॅनोमीटरला, हेलियमची 587.6 ला. मग दोन्ही अणूंना उत्तेजित करायला सारखीच ऊर्जा लागेल का?" मी छाती पुढे काढून "हो सर" म्हणालो. मार्क गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

अणूतल्या इलेक्ट्रॉनचे मजले ठरलेले असतात. सगळ्यात खालचा तो ग्राउंड स्टेट, म्हणजे मूळ अवस्था. वरच्या साऱ्या उत्तेजित अवस्था. खाली उतरताना दोन मजल्यांतला फरक प्रकाश म्हणून बाहेर पडतो. म्हणजे रेषा फक्त फरक सांगते, उंची नाही.

माझं घर वर्तकनगरला. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर येणं आणि येऊरच्या डोंगरावरच्या एखाद्या बंगल्यात तसंच उतरणं, दोन्हीकडे उतरलो एकच मजला. पण तिथे आधी डोंगर चढावा लागतो! सोडियम 2.1 इलेक्ट्रॉन व्होल्टवरून थेट मूळ अवस्थेत येतो. हेलियम 23.07 वरून 20.96 वर येतो. फरक तोच 2.1, पण मूळ अवस्था अजून कितीतरी खाली.

या डोंगराचा इतिहासाशीही संबंध आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला जान्सेन आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत हर्शेलना लाल, नारिंगी आणि निळी अशा झगझगीत रेषा दिसल्या. यातली मधली रेषा आधी सोडियमचीच समजली गेली. 20 ऑक्टोबरला लॉकियर यांनी इंग्लंडमधून ग्रहणाशिवायच ती पाहिली आणि तिची जागा वेगळी असल्याचं दाखवलं. (विजयदुर्गला लॉकियर आले ते 1898 च्या ग्रहणाला, 1868 ला नव्हे!) पृथ्वीवर हेलियम सापडला 1895 मध्ये, रॅम्सेंना.

मग रोजच्या सूर्यप्रकाशात सोडियमसारखी हेलियमची ठळक काळी रेषा का नाही? ती उमटायला अणू आधीच 20.96 वर उभा हवा. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 5800 केल्विन. बोल्ट्झमनचं सूत्र लावून पाहा: एकावर सतरा शून्ये एवढ्या अणूंत जेमतेम एखादा तिथे सापडेल. बाकी सगळे तळमजल्यावर!

ज्वाळांत मात्र आयन कामाला येतो. वरच्या कोरोनातले अतिनील किरण 24.6 च्या वर ऊर्जा देऊन हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढूनच टाकतात. उरलेला आयन पुन्हा इलेक्ट्रॉन पकडतो, आणि तो पायरी-पायरीने खाली येताना ही पिवळी रेषा देऊन जातो. आयनचे स्वतःचे मजले मात्र वेगळेच बरं का: तिथे मूळ अवस्थेतून पहिली उडीच 40.8 ची!

तेव्हा व्हायवात कोणी रेषेवरून ऊर्जा विचारली, तर घाई करू नका. आधी विचारा, "सर, कुठल्या मजल्यावरून कुठल्या मजल्यावर?"